नाव घेतलं नव्हतं

छावणी, छत्रपती संभाजीनगर
रविवार, दुपार

प्रिय सायली,

हे पत्र आत्याच्या पत्त्यावर टाकतोय, पण पाकिटावर नाव तुझंच आहे. सुरेखाआत्या उघडणार नाही, तिला तसं फोनवर सांगितलंय. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या असत्या आणि मी पुन्हा उत्तराची वाट बघत बसलो असतो. कागदाचं तसं नाही. तू वाचलंस की फाडून टाकलंस, मला कळणार नाही. तेच बरं.

घरी ठीक आहे. आईनं शिवणाचा क्लास लावलाय, संध्याकाळी सहाला जाते ती आठला येते. शाळेत सहामाहीनंतर मला दहावीचं विज्ञान दिलंय. तू इथं असतीस तर माझ्याच वर्गात असतीस, हे वेळापत्रक हातात आलं तेव्हा लक्षात आलं. मग बराच वेळ मी स्टाफरूममध्ये तो कागद घडी करत आणि उलगडत बसलो.

तुला त्या सिनेमाचा दुसरा भाग बघायला गेलो तो रविवार आठवत असेलच. पहिला भाग आला तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. एका मुलीच्या डोक्यात तिच्या भावनाच माणसांसारख्या राहतात, भांडतात, बटणं दाबतात, हे बघून तू घरी आल्यावर विचारलं होतंस, "पप्पा, तुझ्या डोक्यात कोण कोण राहतं?" मी म्हणालो, "फक्त तू." तुला राग आला. "खरं सांग ना," म्हणालीस. तेव्हा मी खरं सांगितलं नाही, कारण मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. माझ्या डोक्यात एक असा माणूस राहतो ज्याला लोकांनी आपल्याकडं बघत राहावं असं फार वाटतं.

नऊ वर्षांनी दुसरा भाग आला, तेव्हा तू नववीत गेली होतीस आणि आमच्याबरोबर कुठं जायचं बंद केलं होतंस. तरी तूच म्हणालीस, "पप्पा, जायचं का?" आई पाचोडला लग्नाला गेली होती. आपण स्कूटरवर चिकलठाण्याच्या मॉलमध्ये गेलो, दुपारचा हिंदीतला शो. पडद्यावरची मुलगीही आता मोठी, तेरा वर्षांची झाली होती आणि तिच्या डोक्यात नवी मंडळी राहायला आली होती. काळजी, हेवा, लाज, कंटाळा. मी तर खो खो हसत होतो. शेवटी त्या मुलीची छाती धडधडायला लागली, तिला श्वास पुरेना, तेव्हा तू माझ्या शर्टाची बाही धरलीस. हात नाही, बाही. मी हसायचा थांबलो.

परत येताना तू बोललीस. मागं बसून बोलणं सोपं असतं, तोंड बघावं लागत नाही. जालना रोडवर गाड्यांच्या आवाजात मला नीट ऐकू येत नव्हतं म्हणून मी गाडी तीसच्या वर नेली नाही. वर्गात वाचन असलं की तू आधीच परिच्छेद मोजतेस, आपला कोणता येणार ते मनात घोकतेस आणि पाळी येईपर्यंत गळाच बंद होतो. सकाळी शाळेत जायच्या आधी उलटी होते आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून तू नळ चालू ठेवतेस. मी लोखंडी पुलाच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली. मग तू सगळ्यात अवघड ते सांगितलंस. खो-खोच्या निवडीत प्रांजलीचा पाय मुरगळला, ती मैदानात रडत होती, तू तिला उचलायला धावलीस, पण आतून तुला आनंद झाला. कारण आता तिच्या जागी तुला घेतील. "मला आनंद झाला, पप्पा. मी वाईट आहे का?" मी म्हणालो, "नाही गं बेटा. असं सगळ्यांना होतं." तू म्हणालीस, "कुणाला सांगू नको. आईलापण नको." मी म्हणालो, "येडी आहेस का? कुणाला सांगू?"

त्या दिवशी तू माझ्या पाठीला डोकं टेकून घरापर्यंत आलीस. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला रविवार होता. मी तो फक्त नऊ दिवस सांभाळू शकलो.

दहाव्या दिवशी नववी अ चा मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडं आला, जोशीबाई रजेवर होत्या म्हणून. पुस्तकात काहीतरी सहानुभूतीवर होतं. मुलं जांभया देत होती, मागच्या बाकांवर कुजबुज चालली होती. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "तुम्हाला एका मुलीची गोष्ट सांगतो." पहिल्या दोन वाक्यांतच वर्ग गप्प झाला. नळ चालू ठेवून उलटी करणारी मुलगी. परिच्छेद मोजणारी मुलगी. एकोणीस वर्षं शिकवतोय मी, पण बासष्ट मुलं अशी श्वास रोखून माझ्याकडं बघताना मी कधी पाहिली नव्हती. तिथंच थांबायला हवं होतं. पण ती शांतता मला सोडवेना. मी पुढं मैत्रिणीचंही सांगितलं. खो-खोची कबड्डी केली आणि पायाचा हात केला. तेवढीच माझी हुशारी. दुसऱ्या बाकावर प्रांजली घोट्याला क्रेप बँडेज बांधून बसली होती.

मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. मैदानात कुणी अडखळून पडलं की पोरं ओरडायची, "सायलीला सांगा रे, तिला आनंद होईल!" प्रांजलीनं बाक बदलला. तिच्या आईनं गुरुवारच्या बाजारात भाजीच्या पालाशी उभं राहून तुझ्या आईला सगळं सुनावलं, आणि आपल्या मुलीला रोज सकाळी उलटी होते हे आईला तिथं, दुसऱ्या बाईच्या तोंडून कळलं. मुख्याध्यापकांनी मात्र शनिवारच्या बैठकीत माझ्या तासाचं कौतुक केलं. मी मान खाली घालून हसलो. हे तुला आजवर कुणी सांगितलं नसेल.

तू घरी आलीस तेव्हा ओरडली नाहीस. दप्तर ठेवलंस आणि विचारलंस, "तू का सांगितलंस?" आणि मी काय म्हणालो? "मी नाव घेतलं नव्हतं." मी पुढं म्हणालो, "एवढं काय मनाला लावून घेतेस? चार दिवसांत विसरतील सगळे." माफी मागायला तोंड उघडलं असतं तर एक शब्द पुरला असता. पण मी वकिलासारखा बोलत राहिलो. तू आत गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेताना तू म्हणालीस, "तुमची किल्ली टेबलावर आहे." तुमची. आईला वाटलं पोरगी मोठी झाली, बापाला अहो-जाहो करायला लागली. मला मात्र कळलं की तू मला परक्या माणसांत नेऊन बसवलंस.

मी तुला पुष्कळदा सांगितलं की मुलं तुला ओळखतील हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आईलाही तेच सांगितलं. ते खरं नाही, सायली. तू त्या वर्गात होतीस. खिडकीकडचा तिसरा बाक. मी बोलत असताना सगळ्या बाकांकडं बघत होतो, एक तेवढा सोडून. पूर्ण पस्तीस मिनिटं मी तिकडं मान वळवली नाही. ज्याच्या ध्यानात येत नाही तो असं करत नाही. मला कळत होतं आणि तरी मी बोलत होतो. हे लिहायला मला दीड वर्ष लागलं.

दिवाळीनंतर तू दहावीला गंगापूरला आत्याकडं जायचं म्हणालीस. जूनमध्ये शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज तूच भरून आणलास आणि माझ्यापुढं सहीला ठेवलास. कारणाच्या रकान्यात "वैयक्तिक" लिहिलं होतंस. मी सही केली. तेव्हापासून एक रविवार सोडून एक मी एसटीनं येतो. तू पाणी आणून देतेस. "बरं आहे", "अभ्यास चाललाय", "तुम्ही जेवलात का?" एवढं बोलून पुस्तक घेऊन मागच्या पडवीत जातेस. आत्या म्हणायची, "दादा, पोरगी लई गुणाची हाय, पर बोलत नाय काई." मी तिला म्हणायचो, वय आहे तसं. तिच्याशीही खोटं बोललो.

परवा आत्याचा फोन आला आणि मला बाकीचं कळलं. पूर्वपरीक्षेत गणिताच्या पेपरला तू तीन तास कोरा कागद पुढं घेऊन बसलीस. बाईंनी हात लावला तर तुझे हात बर्फासारखे गार होते. आत्या तुला घेऊन इथं शहरात, मनाच्या डॉक्टर मॅडमकडं आली. आपल्या घरापासून दीड किलोमीटरवर, आणि तुम्ही दोघी परस्पर गंगापूरला परत गेलात. मी आत्याला रागानं विचारलं, "मला का नाही कळवलं?" ती म्हणाली, "तिनंच नको म्हणलं, दादा."

आत्या मॅडमसमोर तुझ्याशेजारी बसली होती. त्यांनी तुला विचारलं, त्रास किती दिवसांपासून आहे. तू म्हणालीस, आठवीपासून. मॅडम म्हणाल्या, एवढ्या दिवसांत घरी कुणाला सांगितलं का नाहीस? आणि तू म्हणालीस, "एकदा सांगितलं होतं." त्यापुढं तू काही बोलली नाहीस. माझं नावही घेतलं नाहीस, असं आत्या सांगत होती. तिला वाटलं मला तेवढाच दिलासा. येत्या गुरुवारी मॅडमनी आईवडिलांना बोलावलंय आणि तू आत्याला सांगितलंस की आई आली तर चालेल. एवढ्यासाठीच हे पत्र आहे. मी येणार नाही. दवाखान्याखाली गाडीजवळही थांबणार नाही, कारण मी खाली आहे हे कळलं तर तू वर मोकळं बोलणार नाहीस. आईला मी सगळं सांगितलंय, खिडकीकडच्या बाकाचंही. गुरुवारची तुझी वेळ अकराची आहे. मॅडमना सगळं सांग, माझ्याबद्दलचंही, नाव घेऊन सांग. त्या खोलीतलं बाहेर जात नाही असं म्हणतात. तुझा त्यावर विश्वास बसणार नाही, आणि तो बसत नाही तो माझ्यामुळं. तरी सांग. मला पुन्हा कधी काही सांगू नकोस, पण कुणाला तरी सांग.

तुझाच,
पप्पा