ओवाळणीचे ताट

विजयादशमी, १९९९. अंबाजोगाई.

किळस आली आज. घाटनांदूरच्या बाजाराचे वेब पेज मी एकटीने तयार केले. पण संगणकाच्या पूजेला पुढारी आले आणि क्लासच्या सरांनी पुढाऱ्यांच्या पुतण्याला माझ्या खुर्चीवर बसवले. माझ्या हाती ताट दिले.

"पोरीनं ओवाळायचं असतंय."

मी त्याला ओवाळलेही! का?

पुढारी खूश. "लई भारी केलंस रं पोरा! आता ह्ये निळं हाय ते लाल करून दाव."

पुतण्या नुसताच कीबोर्डकडे पाहत राहिला. सर माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "अगं, तूच कर की जरा."

कोडमधला एकच शब्द बदलायचा होता, 'ब्लू'चा 'रेड'. ताटातले निरांजनही केव्हाच विझले होते.

"हात गुंतलेत, सर," मी म्हणाले आणि ताट घट्ट धरून उभी राहिले.