मधमाश्यांना आधी कळलं

३ ऑक्टोबर
शाळेच्या आवारातलं शिक्षिकेचं घर अखेर माझं झालं! शेगडी लगेच पेटली, खिडकीबाहेर सफरचंदांनी झाड वाकलंय. शेजारची थर्झा ॲपल-पाय भाजून घेऊन आली, आणि मी खाईपर्यंत हलली नाही. तिच्या बागेत मधमाश्यांच्या पेट्या आहेत. मुलंबाळं नाहीत. नवरा एमॉस मेंढ्या विकतो. त्याचं नाव निघालं की ती बाह्या खाली ओढते.

१२ ऑक्टोबर
संध्याकाळी आम्ही दोघी विणत बसतो. आज तिला सगळं सांगून टाकलं. मी कुमारी नाही. बर्मिंगहॅमला नवरा आहे, त्याच्यापासून पळून आलेय. लग्न झालेल्या बाईला शाळेत ठेवत नाहीत, हे तिलाही माहीत आहे. बाही वर करून तिनं दंडावरचे वळ दाखवले. कितीतरी वर्षांनी मला मैत्रीण मिळाली.

१९ ऑक्टोबर, गुरुवार
सकाळी थर्झा एकेका पेटीला काळी फीत बांधत होती, टकटक करून काहीतरी पुटपुटत होती. मला गंमत वाटली. एमॉस बाजाराला गेलाय म्हणे.

२१ ऑक्टोबर, शनिवार
एमॉस तळ्यात सापडला. डोकं फुटलेलं. पोलीस म्हणतात, बाजारातून परतताना, काल रात्री. दुकानात मालकीण मिसेस गेज म्हणाली, तळ्यानं तरी ठेवून घेतलं त्याला, गावात कोण ठेवत होतं! बायका हसल्या. मीही काहीतरी बोलायचं म्हणून गुरुवारच्या काळ्या फितींचं बोलले. मग मिसेस गेजनं दार लावून सांगितलं: घरातलं माणूस गेलं की पेटीला काळी फीत बांधून, टकटक करून मधमाश्यांना सांगावं लागतं. नाही सांगितलं तर त्या निघून जातात.
“तुम्ही आज पाहिलंत, बाई. गुरुवारी नाही.”

२३ ऑक्टोबर
मेंढपाळ रूबेनला धरलं. शुक्रवारी तळ्याजवळ दिसला होता, एमॉसशी भांडणही होतं. गुरुवारी रात्रीपर्यंत तो बहिणीच्या गावी होता, आणि फिती तर सकाळीच बांधलेल्या. मी बोलले तर तो सुटेल. आणि थर्झा फासावर जाईल.

२४ ऑक्टोबर
थर्झाला फितींचं विचारलंच. विणणं न थांबवता म्हणाली, “अगं, त्याही गेल्या असत्या तर मला राहिलं कोण?”
मी समोरच बसले होते.

२६ ऑक्टोबर
पूर. बस बंद. दाराशी कोणीतरी जेवण ठेवून जातं, खिडकीकडे बघत नाही. खाल्लं नाही. रूबेनची आई फाटकाशी उभी होती. काही मागितलं नाही तिनं.

२७ ऑक्टोबर
झोप नाही. नदीपलीकडच्या पोलीस चौकीत जाणार. पायी. थर्झाला सांगितलं — तिला न सांगता कशी जाऊ? रडली नाही. पुलापर्यंत सोबत येते म्हणाली.
मिसेस गेज म्हणते पूल पाण्याखाली आहे. थर्झा म्हणते, चालता येतं, हात धरला की.

दुपार
थर्झा खाली दाराशी आलीय. माझा कोट हातात घेऊन उभी आहे. पिशवी घेऊ का विचारलं — कशाला, म्हणाली.
रूबेनसाठी जायलाच हवं. दुसरी वाट नाही. तिचा हात धरायचा, एवढंच —
नेस्टा, नेस्टा, किती मायेनं हाक मारतेय. या गावात नावानं मला दुसरं कोणी —