हिरव्या ठिपक्याबद्दल तक्रार

तीर्थरूप अण्णा,

उदगीरहून तुमच्या महानंदाचे शरणु शरणार्थ. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? मी बरी आहे (एकट्या माणसाला बरं असण्यावाचून इलाज नसतो). पत्रास कारण चीज.

आमचा संगमेश, सून वर्षाराणी आणि लेकरू गेल्या महिन्यात सुट्टीला आले होते. राहणार होते सुट्टीभर, पण लेकराला इथलं ऊन सोसेना (पुण्यात सूर्य नसतो बहुतेक), म्हणून दोन-चार दिवसांत परतले. फ्रीजमध्ये त्यांचा चीजचा डबा राहिला. सून फोनवर म्हणाली, टाकून द्या. आपण ताट धुऊन पिणारी माणसं, अन्न टाकायचं कसं? म्हणून शिवपूजा झाली की भाकरीबरोबर एकेक तुकडा खाऊ लागले. पहिल्या दिवशी साबण खाल्ल्यासारखं वाटलं. पुढे मात्र, खरं सांगते, शेंगदाण्याची चटणी मागे पडली.

बोलायला कोणी नसलं की माणूस मिळेल ते वाचतं. विजेचं बिल दोन्ही बाजूंनी वाचून झालं, मग जेवता जेवता भिंग घेऊन चीजचा डबा वाचला. त्यावर एन्झाइम असं लिहिलेलं. तेवढ्यात शेजारचा वीरण्णा कढीपत्ता न्यायला आला, त्याला विचारलं. तो म्हणाला, "काकू, ते वासराच्या पोटातलं असतंय. त्याच्यानंच दूध थिजतंय." एवढं बोलून कढीपत्ता घेऊन तो गेला. गळ्यात लिंग आणि ताटात वासरू. तुकडा टाकला तर पाप, खाल्ला तर महापाप. शेवटी त्यावर वाटी पालथी घातली आणि मठातल्या गुरुपादप्पा स्वामींना बोलावलं. त्यांनी डबा उलटसुलट केला, "हिरवा ठिपका हाय की," म्हणाले आणि आणखी विचार करायला डबाच घरी नेला (विचार अजून चालू आहे, डबा परत आलेला नाही).

नशीब, डब्यावरचा फोन नंबर मी भिंतीवर लिहून घेतला होता. पलीकडे कंपनीतली सिंधु नावाची मुलगी. तिनं शांतपणे सांगितलं, की पूर्वी वासराचंच घ्यायचे. आता वासराकडून फक्त ते बनवायची कृती उचलली आणि एका बुरशीला शिकवली. ती बुरशी मोठ्या टाक्यांत ते तयार करते. वासराला कोणी हात लावत नाही, म्हणून हिरवा ठिपका. मग हे डब्यावर लिहायला काय झालं, मी विचारलं. ठिपका लावला म्हणजे सगळं सांगून झालं का? कपाळाला भस्म लावणारे मी काय कमी पाहिलेत? ती हसली आणि म्हणाली, तक्रार वर पाठवते.

फोन ठेवताना तिनं विचारलं, "आजी, आणखी काही मदत हवी आहे का?"

अण्णा, मालक गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी "न्हाई" म्हणाले, फोन ठेवला आणि खूप रडले. मग तो तुकडा खाल्ला आणि ताट धुऊन प्याले.

दुसऱ्या दिवशी मला नवी शंका आली, बुरशी काय खाते? मग टाकी कोण धुतं? बुरशीला सुट्टी असते का? मी रोज फोन करते, पोरगी सगळ्याची उत्तरं देते आणि शेवटी तेच विचारते.

तुमच्याकडे चीज येत असेल तर डबा वाचून घ्या. वहिनींना शरणार्थ.

तुमची धाकटी,
महानंदा

ता. क. संगमेशला यातलं काही कळवू नका. आईला वेड लागलं म्हणेल आणि नवा मोबाइल पाठवून देईल.

आणखी एक. सिंधु म्हणाली, वरून उत्तर आलंय. पुढच्या डब्यांवर बुरशीचं स्पष्ट लिहिणार आहेत आणि माझी तक्रार उद्या बंद होणार. वीरण्णा म्हणतो, काकू जिंकल्या. मला जिंकायचं नव्हतं, अण्णा. आता विचारायला शंका उरली नाही. तेव्हा संध्याकाळी तुम्हीच फोन करत जा. गुडघ्याचं बोला, पावसाचं बोला, काहीही बोला. फक्त ठेवण्याआधी ती विचारते तेवढं विचारा. मी न्हाईच म्हणेन, तरी विचारा.