आजोबांच्या टेबलावरचा दिवा

प्रिय विभाताई,

गिरगावच्या आजोबांचा दिवा लागला. आज दुपारीच. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि जिला सांगायचं ती तू, आणि तूच आता नाहीस. म्हणून लालबागला, आपल्या दिव्यांच्या स्टुडिओत, तुझ्या टेबलाशी बसून लिहितोय. स्टुलावर. तुझ्या खुर्चीत अजून कुणी बसत नाही.

आजोबा-आजी पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो? आजोबांची नजर मंदावत चाललेली, उजेड डोळ्यांत गेला की समोरचं सगळं धुरकट. मी ऐटीत विचारलं, "वाचायला दिवा हवाय का?" ते म्हणाले, "वाचून झालं रे बाबा. जेवताना हिचं तोंड दिसायला हवं. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढी नजर जपा. आता ती आणखी कशासाठी जपू?" आजी म्हणाल्या, "ह्यांचं आपलं काहीतरीच." माझी ऐट तिथंच उतरली.

मग तू कामाला लागलीस. ठोकून घडवलेली पितळेची शेड, आजोबांच्या बाजूची कड खाली उतरलेली, म्हणजे बल्ब त्यांच्या डोळ्यांत जाऊ नये. इथवर मला पटलं. पण म्हणालीस, जेवायचं टेबलही आपणच करायचं, आणि तेही फिकट, शिवणीच्या लाकडाचं. पॉलिश नावापुरतं. मी भडकलो. "ताई, पितळेखाली काळंभोर टेबल काय दिसेल! हे तर कॅन्टीनचं वाटतंय."

"घास," एवढंच म्हणालीस.

मी सँडपेपर फेकून नाक्यावर गेलो. चहा पिऊन परत आलो, तर तोच सँडपेपर माझ्या स्टुलावर. "कॉलेज अर्धवट सोडलंस, ते तुझं तू बघ. टेबल सोडू नकोस." लागलं होतं ते. अजून लागतं. असं बोलायचं असतं का गं?

आणि तुझी ती रीत. दिवा तयार झाला की भर दुपारी शटर खाली ओढायचं, दिव्याखाली कुणाला तरी बसवायचं, आणि दिव्याकडे न बघता त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं. बसायची बहुतेक वेळा सायली, कारण पॉलिशवाल्या मुलीला म्हणे स्थिर बसता येतं. मी बघतच राहायचो, आणि तू सगळ्यांदेखत विचारायचीस, "ओंकार, कामाला आलायस की दर्शनाला?" सगळे हसायचे. सायली खाली टेबलाकडे बघायची. तुला सगळं कळत होतं ना? मग एकदा तरी माझ्या बाजूनं तिच्याकडे शब्द टाकायचास.

या वेळी तू हॉस्पिटलात होतीस, आणि तिथून आलीच नाहीस. दिवा आम्ही तुझ्याविना टांगला. शटर ओढलं, सायली बसली. तिचा चेहरा हनुवटीपासून कपाळापर्यंत मऊ उजळला, डोळ्यांखाली सावली म्हणून नाही. मला वाटलं, शेडची कमाल. मग टेबल गुंडाळायचं म्हणून मी त्यावर काळं ब्लँकेट टाकलं, दिवा चालूच होता, आणि सायलीचा चेहरा विझला. डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे. ब्लँकेट ओढलं, चेहरा परत आला. पुन्हा टाकलं. पुन्हा ओढलं.

सायली म्हणाली, "माझं तोंड काय स्विच आहे का?"

उजेड वरून टेबलावर पडत होता आणि तिथून उठून तिच्या चेहऱ्यावर जात होता. मी ज्याला कॅन्टीनचं म्हणालो ते टेबल म्हणजे अर्धा दिवा होता, ताई. हे तुला कागदावर पेन्सिल टेकवतानाच दिसलं होतं? आणि मला एका वाक्यात सांगता आलं नसतं? पण खरं सांगतो, सांगितलं असतंस तर मी भांडलो असतो.

आज टेबल तिसऱ्या मजल्यावर चढवलं, दिवा टांगला, खिडक्या लावून घेतल्या. आजी त्यांच्या नेहमीच्या जागी बसल्या, आजोबा समोर. आजोबा नुसते समोर बघत राहिले. मला वाटलं, गेलं सगळं. तुझंही, माझंही. मग ते जरा पुढे वाकले.

"अगं, तुझी टिकली वाकडी लागलीय."

आजींचा हात कपाळाकडे गेला. "कधीपासून वाकडी लावतेय कोण जाणे. सांगणारं कुणी नव्हतं."

आजोबांनी टेबलावरून हात लांब केला आणि ती सरळ केली. चाचपडावं लागलं नाही त्यांना. सायली माझ्या शेजारी उभी होती, तीही श्वास धरून.

तू हे बघायला हवं होतंस. की आधीच बघितलं होतंस, त्या पेन्सिलीनं?

आता एक शब्द देतो. यापुढे कुणी दिवा मागायला आलं, तर आधी विचारीन, कुणाचा चेहरा बघायचाय? मगच पितळेला हात लावीन. आणि सायलीला विचारणार आहे. दिव्याखाली बसवून नाही. शटर पूर्ण वर करून, भर उजेडात, म्हणजे तिला नाही म्हणायचं असेल तर तेही मला नीट दिसेल.

स्टुलावरून,
तुझा ओंकार