दर होलला एक पेला

३ एप्रिल

हे आज गोल्फ खेळताना चक्कर येऊन खाली बसले. अठरापैकी अकराव्या होलला. मला सांगितलं नाही! यांच्या मित्राचा, दाताच्या डॉक्टरांचा, तब्येत विचारायला फोन आला म्हणून कळलं. चाळीस वर्षं दोघे बरोबर खेळतात, आणि लपवायचंही बरोबरच ठरलं होतं. पिशवीतली पाण्याची बाटली पाहिली. सकाळी भरून दिली तशीच, झाकणापर्यंत. चार तास उन्हात आणि घोटभर पाणी नाही. खडसावलं तर म्हणतात, "अगं, मग सारखं झुडपामागे जावं लागतं. मागून बायकांचा गट खेळत येतो."

लाजेपायी जीव जायचा यांचा. मोठे दीर असेच उन्हातून आले आणि दारातच गेले. त्यांच्याही हातात भरलेली बाटली होती. मी पाहिली आहे. पुन्हा नाही पाहायची.

४ एप्रिल

नियम केला. दर दोन होलला एक पेला. नुसतं सांगून हे ऐकणार नाहीत, म्हणून स्कोअरकार्डावरच फटक्यांशेजारी पाण्याचा रकाना आखून दिला. खेळ संपला की सोबतचा खेळाडू कार्डावर सही करतो, तशी पाण्यावरही दाताच्या डॉक्टरांनी सही करायची. कार्डावर हे खोटं लिहीत नाहीत. एकदा कुणीही न पाहिलेला, चुकलेला फटका स्वतःहून मोजला आणि हातातला चषक घालवला. तेव्हा मला वेडेपणा वाटला होता. आज उपयोगी पडला.

दाताचे डॉक्टर म्हणाले, "वहिनी, क्लबच्या माळ्याला आता सुट्टी द्या. मैदान शिंपायला हा एकटा पुरे."

हसू आलं. दाखवलं नाही.

१२ एप्रिल

नऊ पेले. सही आहे.

१९ एप्रिल

डोकं दुखतं म्हणतात. जेवण जात नाही. "तोंडाला चव नाही गं. चिमूटभर मीठ दे ना." दिलं नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे, मीठ बंद म्हणजे बंद. उगाच लाड नाहीत.

डोकेदुखी, मळमळ — पाणी कमी पडल्याचीच ही लक्षणं. नववीच्या मुलींना हा धडा सत्तावीस वर्षं शिकवला मी. उद्यापासून दर होलला एक पेला.

२४ एप्रिल

अठरा पेले. पण कार्डावरचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आणि फटके मोजताना चुकले म्हणे — हे! दुपारी मुलीचं नाव आठवेना. हसण्यावारी नेलं, पण डोळे घाबरलेले होते.

म्हातारपण असं एका आठवड्यात येतं? संध्याकाळी आणखी दोन पेले पाजले. नको नको म्हणत होते. संपेपर्यंत समोर उभी राहिले.

२७ एप्रिल

सोळाव्या होलला कोसळले. झटके आले. क्लबची गाडी घेऊन मी पोहोचले तेव्हा डोळे फिरले होते. लोक म्हणाले, ऊन लागलं. मी डोकं मांडीवर घेतलं आणि — पाणी पाजलं.

आता अतिदक्षता विभागात आहेत. बाहेरच्या बाकावर लिहिते आहे.

२८ एप्रिल

डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. म्हणाल्या, "रक्तातलं मीठ फार उतरलंय. रक्तदाबावरची लघवी जास्त होण्याची गोळी, जेवण अळणी, आणि वर इतकं पाणी! मेंदूला सूज आली आहे. एवढं पाणी कोण पाजत होतं यांना?"

मी म्हटलं, "त्यांचे तेच प्यायचे."

दाताचे डॉक्टर शेजारीच उभे होते. सह्या केलेली कार्डं त्यांच्याच खिशात. त्यांनी खिसा हाताने झाकला.

खोटं बोलल्याबद्दल किती मुलींना मी वर्गाबाहेर उभं केलं असेल!

३० एप्रिल

शुद्ध नाही. मीठ हळूहळूच वाढवायचं म्हणतात, घाई केली तर मेंदूला कायमची इजा. उठतील का, विचारलं. "बघू." हे 'बघू' मी पालकांना सांगत असे. त्याचा अर्थ मला ठाऊक आहे.

मुलगी आली. गळ्यात पडून म्हणाली, "आई, तू होतीस म्हणून वेळेवर आणलं गं." तिने पाण्याचा पेला पुढे केला. गिळवेना.

१ मे

डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. मी पाजलं. मोजून, नियम करून. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पुष्कळांना असंच वाटतं, आजी. घामाबरोबर मीठही जातं. तहान लागेल तेवढंच प्यायचं असतं."

एवढंच. नववीतल्या मुलीला कळेल इतकं सोपं.

मुलीलाही सांगितलं. ती उठून खिडकीशी गेली.

२ मे

दाताचे डॉक्टर बाकावर येऊन बसले. "वहिनी, बाराव्या होलनंतर तो ओकायचा हो. मी म्हटलं, ओत ते गवतात, मी सही करतो. ऐकेचना. म्हणाला, कार्ड खोटं करायचं नाही."

ऐकून रडले, पण कुठेतरी बरंही वाटलं. म्हणजे सगळा दोष माझा नव्हे. त्यांचा प्रामाणिकपणाच त्यांना भोवला. तेवढ्या आधारावर आज दोन घास खाल्ले.

३ मे

काही बदल नाही. घरी जाऊन कपडे आणले. घर खायला उठतं.

४ मे

सकाळी डोळे उघडले. माझ्याकडे कितीतरी वेळ पाहत होते. मग अगदी हळू आवाजात, "सिस्टर, शेवटच्या दोन होलचं पाणी राहिलंय. आता पोटात जात नाही हो. कार्डावर प्यालो असंच लिहा. आमच्या हिला कळू देऊ नका — मला फार भीती वाटते तिची."

मी म्हटलं, "लिहिते."