कळ सोसणारीच्या पाठीशी

४ जुलै

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर आपण दोघी दोन वाक्यं बोलतो आणि मग नुसत्या रडतो, विचारायचं ते राहूनच जातं. म्हणून म्हटलं लिहावं. कागदावर निदान एकीचं रडणं दुसरीला ऐकू येत नाही.

पोट आता इतकं पुढे आलंय की स्वतःची पावलं दिसत नाहीत. तलावावर अजून जाते, पण पाण्यात उतरत नाही. काठावर खुर्ची टाकून बसते आणि अंग सैल सोडा, अंग सैल सोडा, असं ओरडून पोरांना तरंगायला शिकवते. परवा एका चिमुरडीने विचारलं की तुमच्या पोटातल्याला आत्ताच पोहता येतं का. मी सांगितलं, तुझ्यापेक्षा बरं येतं. ती दिवसभर फुगून बसली.

हॉस्पिटलात आठवड्यातून एकदा बाळंतपणाच्या तयारीचा वर्ग असतो. पहिल्या वर्गाला ढब्या आला होता. कळ आली की कमरेखालच्या हाडावर तळहाताने जोर द्यायचा, हे त्याने फार मन लावून शिकून घेतलं. लिफ्टचं दार अडकलं की आम्ही असाच जोर लावतो, असं तो सिस्टरला म्हणाला, तेव्हा सगळा वर्ग हसला होता. आता बाकीच्या जणी जोडीने येतात. माझ्या गादीवर मी एकटीच असते. सिस्टर समजूतदार आहे, आपणहून माझ्या मागे येऊन बसते आणि जोर देते. पण तिचा हात लहान आहे.

आता मुद्द्याचं. मी ठरवलंय की कळा जाणवू नयेत म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन घ्यायचं नाही. डॉक्टर म्हणाले, सगळं नीट असेल तर हरकत नाही, मात्र सोबत कुणीतरी हवं. माझी आई असती तर तिला म्हटलं असतं. तुम्ही याल का? आणि ढब्या झाला तेव्हाचं काहीतरी लिहा ना. तो स्वतः सांगायचा ते खरं वाटत नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो हसत हसत बाहेर आला.

बाबांना नमस्कार. रागावलात तरी चालेल, पण उत्तर धाडा.

तुमची,
मासोळी

१५ जुलै

चि. मासोळीस,
अनेक आशीर्वाद.

वरची ओळ लिहायला मला अर्धी सकाळ लागली. तुझ्या नावामागे 'सौ.' लिहायची हाताला सवय. लेखणी तिथेच अडली. मग ढब्या तुला हाक मारायचा तेच नाव लिहिलं. चालेल ना?

ढब्या हसत हसत वगैरे काही आला नाही. डोकं एवढं मोठं की माझा जीव मेटाकुटीला आला. तेव्हा आमच्या गावच्या दवाखान्यात इंजेक्शन नव्हतंच, म्हणून घेतलं नाही. धीर म्हणून नव्हे. मी लोखंडी खाट इतकी घट्ट धरली होती की हाताला गंज लागला. नर्सबाई मला गप्प बस, गप्प बस म्हणत होती. मी शिवणकाम करणारी बाई, तिला म्हटलं की तुझ्या तोंडाला टाके घालीन. त्यात थोर काही नव्हतं, पोरी. दुखणं अंगावर काढलं म्हणून कुणी पाठ थोपटत नाही. आता सोय आहे तर घे. तू काय कमी सोसलं आहेस, की आणखी मागून घेतेस?

माझं येणं अवघड दिसतं. ह्यांचे गुडघे धरलेत, जिना उतरवत नाही. आणि तुला म्हणून सांगते, ढब्या गेल्यापासून ह्यांच्या तोंडून त्याचं नाव नाही. प्रेसच्या यंत्रांनी कान आधीच नेले, आता बोलणंही गेल्यासारखं झालंय. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून बसतात. अशा माणसाला टाकून कशी येऊ?

शाळा सुरू झाल्यात, गणवेशांचा ढीग पडलाय. मशीन चालवते तेवढा वेळ बरं वाटतं. तुझ्यासाठी सहा झबली शिवली, मऊ कापडाची. ती पाठवते. रागावले नाही. मनात किंतु ठेवू नकोस.

तुझी,
आई

२४ जुलै

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

झबली पोचली. इतकी छोटी आहेत की मला खोटीच वाटली. खाटेवर मांडून बघत बसले होते.

इंजेक्शनचं का ते तुम्हाला नीट सांगितलंच नाही. लिफ्ट दुरुस्त करताना ढब्या त्या इमारतीत पडला आणि त्याच्या कंपनीतले लोक मला न्यायला तलावावर आले, तेव्हा मी ओल्या कपड्यांतच हॉस्पिटलात गेले. तिथे मी किंचाळायला लागले म्हणे. मला स्वतःला ते आठवत नाही. बाळाला धोका नको म्हणून डॉक्टरांनी मला झोपेचं इंजेक्शन दिलं. त्यांनी योग्यच केलं, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. पण मला जाग आली तेव्हा तुम्ही माझ्या उशाशी होतात आणि सगळं उरकलं होतं. त्याला नेलं होतं. मी तिथे नव्हते, आई. तो शेवटचा तासभर जिवंत होता, आणि मी पलीकडच्या खोलीत असून तिथे नव्हते.

पाठीतल्या इंजेक्शनने झोप लागत नाही, माणूस जागंच असतं, हे मला कळतं. सिस्टरने दहादा समजावलंय. डोक्याला पटतं, अंगाला पटत नाही. सुई म्हटली की हात गार पडतात. मला पदक नको, थोरपण नको. ह्या वेळी मला फक्त तिथे असायचंय.

तुम्ही आला नाहीत तरी मी समजून घेईन. सिस्टर आहेच. बाबांच्या गुडघ्यांना शेक देत जा.

तुमचीच,
मासोळी

२ ऑगस्ट

चि. मासोळीस,
आशीर्वाद.

पुढच्या पंधरवड्यात येते. गुडघ्यांचं निमित्त खरं होतं, पण अर्धंच. पोराच्या चेहऱ्यात ढब्या दिसला तर मी उभी राहीन की कोसळेन, ह्याचीच भीती होती. तुझं पत्र ह्यांना वाचायला दिलं. दोनदा वाचलं, घडी केली आणि उठून माझी बॅग माळ्यावरून काढून आणून ठेवली. स्टुलावर चढले, त्या गुडघ्यांनी! मी ओरडले ते अर्थातच ऐकू गेलं नाही.

शेजारची सुतारीण ह्यांच्या जेवणाकडे बघणार आहे. कमरेच्या कोणत्या हाडावर जोर द्यायचा ते आल्यावर दाखव. माझे हात लहान नाहीत. बाकी भेटीत.

आई

२९ ऑगस्ट

सा. न. वि. वि.

अहो ऐकलंत का, असं लिहिणार होते, मग माझं मलाच हसू आलं. लग्नानंतर तुम्हाला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. सुतारणीकडे फोनवर निरोप दिला तो मिळाला असेल: मुलगी झाली, दोघी सुखरूप. आता सविस्तर सांगते.

काल पहाटे पाणी गेलं. उजाडायला आम्ही हॉस्पिटलात. खोली लहान, स्वच्छ, खिडकीबाहेर धुण्याच्या दोऱ्या. दुपारपर्यंत सूनबाई माझ्याशी गप्पा मारत होती. कळ आली की खिडकीची चौकट धरून वाकायची आणि मी मागून जोर द्यायचा, की पुन्हा गप्पा. कधी व्हरांड्यात फेऱ्या मारायच्या, कधी गरम पाण्याच्या फवाऱ्याखाली बसायचं. मीही आत शिरले, नखशिखान्त भिजले. सिस्टरने आपला एक जुना अंगरखा मला दिला. त्यात मी कशी दिसत होते ते न विचारलेलं बरं.

दुपारनंतर गप्पा थांबल्या. दोन कळांमध्ये श्वास घ्यायला उसंत मिळेना. पोरीचे ओठ पांढरे झाले, अंग थरथरायला लागलं. म्हणाली की आता होत नाही, द्या ते इंजेक्शन. मी लगेच म्हटलं, घे ग बाई, मनाशी काही ठेवू नकोस. सिस्टर म्हणाली की आता थोडंच राहिलंय, पण तिची इच्छा असेल तर डॉक्टरांना बोलावते, आणि निघालीसुद्धा. तेवढ्यात हिने तिचा हात धरला. म्हणाली, नको. थांबा. मला फक्त ओरडू द्या.

आणि मग ती ओरडली. ढब्याच्या नावाने ओरडली. तुम्हाला कसं सांगू? कळ होती ती, पण नुसती कळ नव्हती. तो गेला त्या दिवशी मध्येच तोडलेला तिचा टाहो एवढे महिने तिथेच अडकून राहिला होता. सिस्टरला सगळं ठाऊक होतं. कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही. मी तिच्या पाठीवर दोन्ही हात रोवून उभी होते, आणि केव्हातरी माझ्याही तोंडून तेच नाव निघायला लागलं. दोघी बायका एका माणसाला हाका मारतोय आणि येतंय तिसरंच कुणीतरी.

मुलगी आली. सिस्टरने तिला पुसून आईच्या छातीवर ठेवलं. मी चष्मा पुसून वाकून बघितलं. अहो, ढब्याचं काहीच नाही. नाक आईचं, हनुवटी आईची, भुवया कुणाच्या देव जाणे. ज्याची भीती वाटत होती ते नव्हतंच. आणि ते नाही म्हणून मी व्हरांड्यात जाऊन बाकावर बसले आणि पोटभर रडले.

परत आत गेले तेव्हा पोर चोखत होतं. सूनबाई मला म्हणाली की आई, मी होते, सगळा वेळ होते. मग गाढ झोपली. तिच्या कमरेवर माझ्या बोटांचे वळ उठलेत.

वेळेवर जेवा. स्टुलावर चढू नका. इथून लवकर पाय निघेल असं वाटत नाही, तेव्हा माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची

७ सप्टेंबर

चि. मासोळीस,
अनेक शुभाशीर्वाद.

जन्मभर प्रेसमध्ये दुसऱ्यांची अक्षरं जुळवली, स्वतःची लिहायचा सराव नाही. चुकलंमाकलं सांभाळून घे.

तुझ्या सासूचं पत्र आलं त्या दिवशी मी खाली उतरलो. बऱ्याच दिवसांनी. कोपऱ्यावर नवा किराणावाला आलाय, आपल्या घरचं त्याला काही माहीत नाही. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, म्हणून त्याला सांगितलं की मला नात झाली. त्याला मनापासून आनंद झाला. त्याने हात जोडले आणि काहीतरी विचारलं. ओठांवरून कळलं. विचारत होता की मुलीचा बाप काय म्हणतो, खूश असेल.

मी म्हणालो की मुलीचा बाप माझा मुलगा होता. तो गेला.

पोरी, हे मी पहिल्यांदाच तोंडाने बोललो. माझा आवाज मला ऐकू येत नाही, किती मोठ्याने बोललो कोण जाणे, पण दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. किराणावाल्याने गल्ल्यामागून येऊन मला गोणीवर बसवलं. मी तिथेच रडलो. माणसं सामान घेत होती आणि मी रडत होतो. कुणी हटकलं नाही. मग मी त्याला ढब्याबद्दल सांगत बसलो. लहानपणी मोडकी खेळणी उघडून दुरुस्त करायचा, तिथपासून. तो बिचारा गिऱ्हाइकं सोडून ऐकत होता. घरी आलो तेव्हा गुडघे ठणकत होते, पण जिना एका दमात चढलो.

तुझ्या सासूला हवं तितके दिवस ठेवून घे. मला स्वयंपाक येत नाही ही अफवा तिनेच उठवलेली आहे. दोघींना प्रवास झेपला की तिघी इकडे या. खोली झाडून ठेवली आहे. ढब्याचे कपडे कपाटात तसेच आहेत. त्यांचं काय करायचं ते तू आल्यावर तू ठरव, मी हात लावलेला नाही.

एक काम कर. मुलगी रडते तेव्हा कशी रडते, ते मला लिहून कळव. बारीक आवाजात की मोठ्याने, एका सुरात की थांबून थांबून. तुम्ही इथे आलात की तुम्हाला बघेन, पण तेवढं मला तुझ्याकडून लिहूनच घ्यावं लागणार.

वाट बघतो.

तुझा,
बाबा