माझ्याविरुद्ध माझंच भाषण

३ फेब्रुवारी १९८८, बुधवार
मॉस्कोहून परिपत्रक. डायरेक्टर यापुढे वरून नेमायचा नाही, कामगारांनी निवडायचा. गुप्त मतदान. उमेदवार किमान दोन. उत्तम. या छत्री कारखान्याच्या खुर्चीवर मी एकोणीस वर्षं बसलोय ते केवळ लोकांच्या प्रेमामुळे. आता ते रीतसर मोजलं जाईल. खुर्चीबरोबर गाडी आणि चार खोल्यांचा फ्लॅटही आहे, पण मी त्यासाठी लढत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.
संकल्प : आजपासून संपूर्ण खुलेपणा. केबिनचं दार सताड उघडं.
अकरा वाजता लावून घेतलं. बाहेर उणे बावीस.

५ फेब्रुवारी
माझ्याविरुद्ध कोणीच उभं राहत नाही. प्रेम, दुसरं काय. सेक्रेटरी झिनाइदा पावलोव्हना म्हणाली, "प्रेम कसलं? जो उभा राहील त्याला तुम्ही आडवा कराल, असं वाटतंय सगळ्यांना." बाईला राजकारणातलं काही कळत नाही.

८ फेब्रुवारी
विरोधक मिळाला. लेखी हुकूम काढला : बॉयलरवाला तिखोन बेझुग्लोव याने स्वेच्छेने माझ्याविरुद्ध उभं राहावं. माणूस अत्यंत योग्य. महिन्याला एखादं वाक्य बोलतो. आज दोन बोलला. "गेन्नादी अर्काद्येविच, माझं काय चुकलं?" आणि "बायकोला काय सांगू?" पाठ थोपटली. म्हटलं, हरल्यावर सांग.

११ फेब्रुवारी
तिखोनला माझ्यावर टीका सुचत नाही. दोन दिवस घेऊन "तुम्ही उंच आहात" एवढंच लिहून आणलं. शेवटी मीच बसलो. माझे दोष माझ्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक?
पहिला मसुदा : डायरेक्टर फार राबतो, तब्येतीची हेळसांड करतो. झिनाइदा पावलोव्हना म्हणाली, "ही टीका नाही, ही श्रद्धांजली आहे."
मग जोर लावला. आपल्या छत्र्या एकदा उघडल्या की मिटत नाहीत, लोक तशाच घेऊन ट्रॉलीबसमध्ये चढतात. डायरेक्टरच्या गावाबाहेरच्या बंगलीचं छप्पर एक्स्पोर्टच्या कापडाचं आहे. त्याचा मेहुणा इथे हजेरीपटावर तिन्ही शिफ्टमध्ये हजर असतो आणि राहतो ओदेसाला. हात थांबेचना. वाचताना डोळे भरून आले. असल्या माणसाला डायरेक्टर केला कोणी, असं क्षणभर वाटून गेलं.

१५ फेब्रुवारी
तालीम. तिखोन पुटपुटतो. मी शिकवलं : मान वर, टेबलावर मूठ, "एकोणीस वर्षं" म्हटल्यावर थांबायचं. घाम पुसत म्हणाला, "तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?" म्हटलं, तू मन लावून कर.
माझं स्वतःचं भाषण लिहायचं राहिलंय. उद्या नक्की.

१७ फेब्रुवारी
उद्या नक्की.

१९ फेब्रुवारी, दुपार
सभा झाली. तिखोन बोलला. मूठ अगदी बरोबर जागी आपटली. अख्खं सभागृह उठून उभं. पहिली टाळी माझी. लेखकाचा तेवढा हक्क असतो. मग मी माझं जुनंच भाषण वाचलं. त्यात केव्हाच वारलेल्या एका पुढाऱ्याला दीर्घायुष्य चिंतलेलं निघालं. लोक पोट धरून हसले. वातावरण खेळीमेळीचं.
मतदानाच्या वेळी मन मोठं केलं आणि माझं मत तिखोनला दिलं. बिचाऱ्याची अब्रू तरी राहील.

त्याच दिवशी, संध्याकाळ
मला एक मत. मोजणीत गफलत असणार. पुन्हा मोजायला लावलं. एकच.
बायको नोन्ना रंगखात्यात आहे. ते एक तिचं ना, असं विचारलं. म्हणाली, "तू त्याचं भाषण ऐकलं नाहीस का? किती खरं बोलला." झिनाइदा पावलोव्हनाने तर मी तोंड उघडायच्या आतच नकारार्थी मान हलवली.

२२ फेब्रुवारी
टेबल आवरत होतो. तिखोन दारात घुटमळत उभा. म्हणाला, "ते एक मत माझं. मला वाटलं, ठरल्याप्रमाणे तुम्हीच निवडून यायचं." मग खाली बघत विचारलं, "त्यातलं सगळं खरं होतं?"
हो म्हणालो. एकोणीस वर्षांत मला कोणी असं सरळ काही विचारलं नव्हतं.
तो टोपी कुस्करू लागला. "राग मानू नका," म्हणाला, "पण खाली बॉयलरला माणूस नाही. पाइप गोठतील."
सध्या खाली आहे. ऊब बरी आहे. फावडं कसं धरायचं ते तिखोन दाखवून गेला. गेला म्हणजे लगेच नाही गेला, अर्धा तास इथेच बसून होता. म्हणाला, वर फार बोलावं लागतं.